उणे ३७.६३ : एका सोमवारचा तेलाचा भाव

एखादी वस्तू कवडीमोल झाली असं आपण म्हणतो, तेव्हा विकणाऱ्याच्या हातात निदान एक कवडी तरी पडते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरतो तिथे, मे महिन्याच्या डिलिव्हरीचं तेल दुपारी अडीच वाजता पिंपामागे उणे ३७ डॉलर ६३ सेंटला बंद झालं. विकणाऱ्याने तेल द्यायचं आणि ते नेल्याबद्दल पिंपामागे ३७ डॉलर ६३ सेंटही त्यानेच मोजायचे. आदल्या शुक्रवारी हाच करार १८ डॉलर २७ सेंटला बंद झाला होता. एका सत्रात ५५ डॉलर ९० सेंटची घसरण.

तेलाचा बाजारभाव त्याचं खरं मोल सांगतो का, यावर वाद निघाला की हा दिवस दोन्ही बाजूंचे लोक पुढे करतात. बाजार वेडा असतो याचा हा पुरावा, असं एक बाजू म्हणते. बाजार शून्याखालचं सत्यही बोलून दाखवतो याचा हा पुरावा, असं दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत. त्या दिवशीच्या आकड्याचा बराच भाग खरा होता. फक्त तो ज्या वस्तूचा भाव होता, ती वस्तू तेल नव्हती. हे कसं, ते पाहायचं तर आधी करार वाचावा लागतो.

करारात काय लिहिलं होतं

‘अमेरिकी तेलाचा भाव’ म्हणून बातम्यांत जो आकडा येतो, तो वेस्ट टेक्सास इंटरमिजिएट, म्हणजे डब्ल्यूटीआय या जातीच्या तेलाच्या वायद्याचा असतो. हा वायदा न्यूयॉर्कमध्ये १९८३पासून चालतो. एक करार म्हणजे १,००० पिंपं, एक पिंप म्हणजे ४२ अमेरिकी गॅलन, सुमारे १५९ लिटर. आणि डिलिव्हरीची जागा एकच : ओक्लाहोमा राज्यातलं कुशिंग.

या वायद्याचा निपटारा पैशांत होत नाही, मालात होतो. मुदत संपताना ज्याच्या नावावर खरेदीचा सौदा उभा असेल, त्याने कुशिंगला पाइपलाइनमधून किंवा टाकीतून तेल ताब्यात घ्यायचं. मे महिन्याच्या कराराचा शेवटचा दिवस होता मंगळवार, २१ एप्रिल. म्हणजे सोमवारी दुपारी खरेदीचा सौदा ज्याच्या हातात होता, त्याच्या हातात एक जबाबदारी होती : मे महिन्यात, कुशिंगला, हजार पिंपांच्या पटीत तेल उतरवून घेण्याची. वायद्यात खेळणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात तेलाचं पिंप पाहिलेलं नसतं. ते मुदतीच्या आधी सौदा विकून पुढच्या महिन्यात सरकतात, आणि तोवर घेणारा कुणीतरी मिळतोच, यावर सगळा डोलारा उभा असतो.

तेल कुठून तुंबलं, हे थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना आठवत असेल. जग दिवसाला साधारण १० कोटी पिंपं तेल वापरत होतं. कोविडच्या टाळेबंदीने विमानं, गाड्या, कारखाने थांबले; एप्रिलमधली मागणी आदल्या वर्षीपेक्षा दिवसाला २ कोटी ९० लाख पिंपांनी कमी राहील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने त्याच महिन्यात मांडला. त्यात ६ मार्चला व्हिएन्नात सौदी अरेबिया आणि रशिया यांची उत्पादनकपातीची बोलणी फिसकटली आणि सौदीने नळ मोकळा सोडला. १२ एप्रिलला तडजोड झाली, दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरली, पण ती लागू होणार होती १ मेपासून. मागणी घटली होती त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि तोही पुढच्या महिन्यात.

टाकीचं छप्पर

कुशिंग हे जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव. शहाणा माणूस तिथे पर्यटनाला जाणार नाही. गावाच्या वेशीवर पाइपाच्याच तुकड्यांनी बनवलेली पाटी आहे : ‘जगातल्या पाइपलाइनींचा चौक’. भोवती मैलोन्‌मैल पांढऱ्या गोल टाक्या.

या टाक्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बऱ्याच मोठ्या टाक्यांना पक्कं छप्पर नसतं; झाकण थेट तेलावर तरंगतं. तेल वाढलं की झाकण वर येतं, उपसलं की खाली जातं. रिकाम्या टाकीत झाकण तळाशी असतं, त्यामुळे उन्हात टाकीच्या भिंतीची सावली झाकणावर मोठी चंद्रकोर काढते. टाकी भरत जाते तशी चंद्रकोर बारीक होते आणि पूर्ण भरली की जवळजवळ नाहीशी होते. व्यापारी या सावल्यांची उपग्रहातून घेतलेली छायाचित्रं विकत घेतात आणि सरकारी आकडे यायच्या आधीच साठा मोजून मोकळे होतात. एप्रिल २०२०मध्ये कुशिंगच्या चंद्रकोरी आठवड्यागणिक बारीक होत होत्या.

अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाच्या हिशेबाने कुशिंगची वापरण्याजोगी साठवण सुमारे ७ कोटी ६० लाख पिंपांची होती. १७ एप्रिलच्या आठवड्याअखेरीस तिथे जवळपास ६ कोटी पिंपं साठली होती. म्हणजे कागदावर दीड कोटी पिंपांची जागा शिल्लक होती. इथेच अनेकजण फसले. ही जागा रिकामी होती, मोकळी नव्हती. तिचं भाडं आधीच कुणीतरी भरून ठेवलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण प्रत्येकीवर कुणाचा तरी रुमाल टाकलेला असतो, तशी गत.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. त्या सोमवारच्या सुरुवातीला मे महिन्याचे सुमारे १ लाख ८ हजार करार उभे होते. गुणिले हजार पिंपं, म्हणजे १० कोटी ८० लाख पिंपं. कुशिंगच्या सगळ्या टाक्या कोरड्या ठाक असत्या तरी एवढं तेल त्यांत मावलं नसतं. दर महिन्याला शेवटच्या दिवसांत असंच चित्र असतं, हेही खरं. कारण यातलं बहुतेक फक्त कागदावर फिरतं. फरक इतकाच, की नेहमी शेवटी माल उचलणारे असतात ते या वेळी हात बांधून उभे होते.

बावीस मिनिटं

सकाळी भाव १७-१८ डॉलरच्या आसपास होता. दुपारपर्यंत तो घसरत एक आकडी झाला. न्यूयॉर्कच्या घड्याळात दोन वाजून आठ मिनिटांच्या सुमारास त्याने शून्य ओलांडलं आणि पुढच्या वीस-बावीस मिनिटांत तो उणे ४० डॉलर ३२ सेंटपर्यंत गेला. ज्याच्याकडे टाकी नाही त्याची अवस्था एकच होती : भीक नको, पण कुत्रा आवर.

या बाजारात दिवसाचा अधिकृत बंद भाव शेवटच्या सौद्याचा नसतो. दुपारी २:२८ ते २:३० या दोन मिनिटांत झालेल्या सौद्यांची भारित सरासरी म्हणजे तो भाव. शिवाय एक वेगळा सौद्याचा प्रकार असतो. त्यात ग्राहक आणि विक्रेता सकाळीच ठरवतात, की दुपारी जो बंद भाव निघेल त्याला (किंवा फार तर दहा सेंट इकडेतिकडे) आपला व्यवहार. भाव काय ते दोघांनाही माहीत नसतं. आता कुणी सकाळपासून ‘बंद भावाने’ खरेदी करत राहिला आणि दिवसभर चालू भावाने विकत राहिला, तर बंद भाव जितका खाली जाईल तितका त्याचा फायदा. त्या दोन मिनिटांना अवाच्या सवा वजन येतं ते यामुळे.

लंडनजवळच्या काही स्वतंत्र व्यापाऱ्यांनी त्या दिवशी प्रचंड कमाई केल्याच्या बातम्या नंतर आल्या आणि त्यावर अमेरिकेत खटलाही गुदरला. अमेरिकी वायदे नियामकाच्या कर्मचाऱ्यांनी २३ नोव्हेंबर २०२० रोजी अंतरिम अहवाल काढला. त्यात मागणी-पुरवठ्याच्या आणि तांत्रिक अशा दोन्ही तऱ्हेच्या कारणांची यादी होती, पण कोणतं कारण किती जड हे सांगायचं टाळलं होतं. नियामकाचेच एक आयुक्त डॅन बर्कोविट्झ यांनी तो अपुरा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. मीही तो वाचून रिकाम्या हातानेच उठलो.

एक गैरसमज इथेच दूर करावा. छोट्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन तेलाचे वायदे घेणारा एक मोठा अमेरिकी फंड यात बुडाला आणि त्यानेच भाव बुडवला, असं सर्रास सांगितलं जातं. तो फंड त्या सोमवारच्या आधीच मे महिन्यातून बाहेर पडून पुढे सरकला होता.

फटका बसला तो दुसऱ्यांना, आणि दूरवर. बँक ऑफ चायनाने सामान्य ग्राहकांना विकलेली तेलाची योजना याच बंद भावाला बांधलेली होती. लोकांची गुंतवणूक तर गेलीच, वर देणंही निघालं. भारतात एमसीएक्स या वायदे बाजारातल्या तेलाच्या एप्रिल कराराचा निपटारा न्यूयॉर्कच्या भावावरून ठरायचा. टाळेबंदीमुळे तिथले सौदे संध्याकाळी पाचला बंद झाले होते, न्यूयॉर्कचा कडेलोट त्यानंतरचा. निपटारा झाला पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी. दार बंद झाल्यावर घराला आग लागावी, तसं. एका मोठ्या अमेरिकी दलालाच्या प्रणालीला तर उणे भाव कळतच नव्हता. ग्राहकाच्या पडद्यावर आकडा शून्याशी थबकलेला, आणि खाली तोटा वाहतच होता.

बाजार चालवणाऱ्या सीएमईने मात्र आठवडाभर आधीच, आमच्या यंत्रणा उणे भाव हाताळू शकतात, असं परिपत्रक काढलं होतं. ऑप्शनची, म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढायचं त्यांचं नेहमीचं सूत्र भावाचा लॉगॅरिदम घेतं, आणि उण्या संख्येला लॉगॅरिदम नसतो. म्हणून २२ एप्रिलपासून त्यांनी लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाचं, १९००च्या प्रबंधातलं सूत्र वापरायला काढलं. एकशेवीस वर्षं माळ्यावर पडलेलं भांडं ऐन वेळी कामाला आलं.

मग तो भाव खोटा होता का

त्याच सोमवारचे आणखी दोन आकडे. जून महिन्याच्या डिलिव्हरीचं तेच तेल, त्याच बाजारात, त्याच गावी : अधिक २० डॉलर ४३ सेंट. उत्तर समुद्रातलं ब्रेंट : अधिक २५ डॉलर ५७ सेंट.

मे आणि जूनच्या तेलात रसायनाचा काडीइतका फरक नाही. दोन भावांमध्ये ५८ डॉलर ६ सेंटची दरी होती, ती तेल महिनाभर ठेवण्याच्या जागेची. ब्रेंट शून्याच्या आसपासही फिरकलं नाही, कारण ते समुद्रावर भरलं जातं. टाकी मिळाली नाही तर जहाज तरंगतं ठेवता येतं. वीस-वीस लाख पिंपांची जहाजं त्या दिवसांत नुसतं तेल सांभाळायला भाड्याने घेतली जात होती आणि त्यांचं भाडं दिवसाला लाख डॉलरच्या वर गेलं होतं. कुशिंग समुद्रापासून शेकडो मैल आत. आड काठोकाठ भरलेला आणि पोहराच नाही.

म्हणून माझा निवाडा असा : शून्य, उणे पाच, फार तर उणे दहा इथपर्यंतचा भाव मी प्रामाणिक मानतो. टाकीला खरोखर भाडं होतं, ते चढलं होतं, आणि तेलाच्या भावातून ते वजा होत होतं. वायोमिंगमधल्या एका जड, डांबरी तेलाला मार्चमध्येच पिंपामागे उणे १९ सेंटची बोली लागली होती, तिथे ना वायद्याची मुदत होती ना दोन मिनिटांची खिडकी. पण दहापासून सदतीसपर्यंतचा प्रवास हा मला यंत्रणेचा वाटतो : मोजकेच घेणारे, अरुंद दार, आणि बंद भावावर पैज लावलेले सौदे. दुसऱ्याच दिवशी हाच मे करार अधिक १० डॉलर १ सेंटला संपला. एका रात्रीत कुशिंगला टाक्या उगवल्या नव्हत्या. ही दहाची रेघ मी कुठल्या सूत्राने ओढलेली नाही, अंदाजाने ओढली आहे. ती पाचवर ओढा किंवा पंधरावर, मुद्दा हलत नाही.

अडचण अशी, की या आकड्याचा धक्का तेवढ्या दोन मिनिटांत संपला नाही. जमिनीतून तेल काढणारे बरेच अमेरिकी उत्पादक आपला माल महिनाभराच्या बंद भावांच्या सरासरीने विकतात. टाकीच्या टंचाईचा आणि मुदतीच्या चेंगराचेंगरीचा भाव त्यांच्या बिलात ‘तेलाचा भाव’ म्हणून उतरला.

मोल कशाने मोजायचं

आता तेलाचं मोल. इथे प्रत्येकजण आपली फूटपट्टी घेऊन येतो.

एक फूटपट्टी कामाची. एका पिंपात साधारण १,७०० युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, ऊर्जा असते. इंजिनात त्यातली तीस टक्के कामी आली असं धरू : ५१० युनिट. धडधाकट माणूस दिवसभर, आठ तास, सतत राबला तर त्याच्या स्नायूंतून ०.६ युनिट काम निघतं. ५१० भागिले ०.६ म्हणजे ८५० दिवस. सुट्ट्या धरून तीन वर्षं. एका पिंपात एका मजुराची तीन वर्षांची हाडं मोडणारी मेहनत आहे. या हिशेबाने २० डॉलरही थट्टा आणि २०० डॉलरही थट्टाच. पण भाव कधी एकूण उपयोगावरून ठरत नाही. शेवटच्या, जास्तीच्या पिंपाची गरज कुणाला किती, यावरून ठरतो. दिवसाला दोन-अडीच कोटी पिंपं नकोशी झाली की उरलेल्या सात-आठ कोटींच्या तीन-तीन वर्षांच्या मेहनतीला बाजारात कुणी विचारत नाही.

दुसरी फूटपट्टी खर्चाची. डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने मार्च २०२०मध्ये तेल कंपन्यांना विचारलं होतं, की नवी विहीर फायद्यात खणायला किती भाव हवा. सरासरी उत्तर ४९ डॉलर. मग भाव वीसवर आल्यावर विहिरी बंद का झाल्या नाहीत? झाल्या, पण उशिरा. विहीर हा नळ नाही. ती बंद करायला खर्च, पुन्हा चालू करायला खर्च, आणि जुन्या विहिरीत मधल्या काळात पाणी शिरलं तर ती पूर्वीइतकं तेल देईलच याची हमी नाही. वर कर्जाचे हप्ते. अनेक जमिनींचे करारही असे, की उत्पादन थांबलं तर हक्कच जातो. एकेका उत्पादकाच्या जागी बसून पाहिलं तर तोट्यात तेल काढत राहणं शहाणपणाचं होतं. सगळ्यांनी मिळून ते केलं आणि कुशिंगच्या चंद्रकोरी मिटत गेल्या.

तिसरी फूटपट्टी हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९३१मध्ये दिली. जमिनीतलं तेल संपणारं आहे, तेव्हा मालकापुढे रोज एकच प्रश्न असतो : आज काढून पैसे व्याजाने लावू, की उद्यासाठी खाली राहू देऊ? त्याच्या मांडणीत खर्च वजा जाता उरणारी किंमत व्याजाच्या गतीने वाढत जायला हवी. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात डब्ल्यूटीआय जुलै २००८मध्ये १४७ डॉलरवर होतं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चाळिशीच्याही खाली. पाच महिन्यांत पृथ्वीच्या पोटातला साठा चौपट झाला नव्हता. बाजाराची नजर हॉटेलिंगच्या मांडणीतल्या दूरच्या उद्यापर्यंत पोचते यावर माझा विश्वास नाही. ती टाकीच्या झाकणापर्यंत पोचते.

चौथी फूटपट्टी धुराची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती कोणत्याही दिवशीच्या भावाला लागू पडते. एक पिंप जळलं की सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका टनाने जगाचं किती नुकसान होतं, याचा अमेरिकी सरकारचा २०२१चा हंगामी आकडा होता ५१ डॉलर. त्यांच्याच पर्यावरण संस्थेचा २०२३चा आकडा १९० डॉलर. गुणाकार केला तर पिंपामागे २२ डॉलर किंवा ८२ डॉलर. एकाच देशाच्या दोन आकड्यांत चौपटीचा फरक पडतो, त्याचं एक मोठं कारण विज्ञानाबाहेरचं आहे : अजून न जन्मलेल्या माणसाचं नुकसान आज किती कमी धरायचं. जो दर निवडाल तसं उत्तर. पण २२ घ्या की ८२, पिंप विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हिशेबात त्यातला फार थोडा भाग येतो. २० एप्रिलला लोक भाव बघून दचकले ते उणे चिन्हामुळे. भाव अधिक साठ असतो, सगळं सुरळीत चाललेलं असतं, तेव्हा हे बावीस किंवा ब्याऐंशी डॉलर कुणाच्या तरी नावावर गुपचूप चढत असतात, आणि त्या दिवशी कुणी दचकत नाही.

तेव्हा ‘भाव खरं मोल दाखवतो का’ या प्रश्नाला कुशिंगपुरतं माझं उत्तर असं, की भाव एका फार अरुंद प्रश्नाचं उत्तर देत होता. ही जात, हे गाव, हा महिना, आणि तुझ्याकडे टाकी आहे का? त्याला ‘तेल जगाच्या किती कामाचं’ किंवा ‘जाळल्यावर कुणाचं किती बिघडतं’ हे कुणी विचारलंच नव्हतं. तरीही तो एकच आकडा हाती असल्यामुळे विहिरी, कर्जं आणि लोकांची बचत त्याच्यावर टांगलेली होती.

त्या सोमवारी ज्याच्याकडे भाड्याची का होईना, पण मोकळी टाकी होती, त्याचा हिशेब करून थांबतो. एक करार, हजार पिंपं, बंद भावाने घेतली असती, तर तेलासोबत ३७,६३० डॉलर त्याच्या खात्यात जमा झाले असते. मे महिन्यात तेल टाकीत आलं असतं, झाकण थोडं वर सरकलं असतं. जूनच्या चौथ्या आठवड्यात डब्ल्यूटीआय ४० डॉलरच्या वर बंद झालं. तेव्हा तीच हजार पिंपं विकून त्याला वर ४० हजार मिळाले असते. दोन महिन्यांत त्या टाकीतल्या तेलाला कुणी हातही लावलेला नसता.